शेवटाआधीची एसटी

हल्ली मला कोणी विचारलं, "अमका सिनेमा कसा होता?" की माझी पंचाईत होते. पाहिलेला असतो, आवडलेला असतो, एखाद्या ठिकाणी डोळेही पुसलेले असतात. पण सांगायला बसलं की गोंधळ. हे याच सिनेमात घडलं की दुसऱ्या? आणि मी ते पाहिलं की कोणी मला सांगितलं? पूर्वी मी सिनेमाबद्दल फार ठासून बोलायचे. आता दोन वाक्यं बोलते आणि तिसऱ्याला माझाच माझ्यावर विश्वास उरत नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. दिवाळीला मुलगा आला आणि धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरातल्या हॉलची अर्धी भिंत व्यापेल एवढा टीव्ही बसवून गेला. "आई, आता पाहा काय पाहायचं ते," म्हणाला. तेव्हापासून मी पाहतेच आहे. नवऱ्याला पडद्यावरच्या नावांच्या पहिल्या पाटीला झोप लागते, त्यामुळे त्यांच्याशी चर्चा करायची सोय नाही.

थिएटरातही जाते. मध्ये जळगावला भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो, तेव्हा पोरींनी मला ओढत एका दक्षिणेकडच्या सिनेमाला नेलं. हिरोने एका हाताने ट्रक अडवला, दुसऱ्या हाताने मिशी पिळली. तीन तास मी कानांत बोटं घालून बसले. शेवटी तो खलनायकाच्या छातीवर बसला, कुऱ्हाड उगारली आणि पडद्यावर अक्षरं आली, भाग दुसरा लवकरच. माझा असा संताप झाला! माणसाला एवढं तीन तास ताटकळत ठेवायचं आणि पानात वाढायच्या वेळी दिवा घालवायचा, ही कुठली रीत?

मग धुळ्यात एक मराठी सिनेमा पाहिला. बक्षिसं मिळालेला. त्यात एक म्हातारा विहिरीच्या काठावर बसतो. बराच वेळ बसतो. मग त्याची सून येते आणि तीही बसते. शेवटी म्हातारा वर आभाळाकडे बघतो आणि संपलं. थिएटरातून बाहेर पडताना आमच्या खालच्या मजल्यावरची बाई भेटली. ती शिंदखेड्याकडची. म्हणाली, "मावशी, सिनेमा भारी शे, पन शेवट काय समजना नही." मला इतकं बरं वाटलं! मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, शेवट प्रेक्षकांवर सोडलाय." सोडलाय म्हणजे काय? तो काय दाराशी आणून टाकलेला पेपर आहे, सोडायला? मी फोनवर बरंच काही बोलले. त्या वेळी मला माहीत नव्हतं की आमचं अख्खं गाव जन्मभर हेच करत आलं होतं.

ते मला आईमुळे कळलं.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. आमचं गाव सावद्याजवळचं, चहूबाजूंनी केळी. आई तिथून इकडे आली, पण तिची बोली तिथलीच राहिली. पंचाहत्तरी ओलांडली तरी कान आणि डोळे शाबूत आहेत, जीभ तर फारच शाबूत आहे. भुताचा सिनेमा लावला तर विचारते, "हिनं केस काऊन नही बांधले?" आणि मग मला भीती वाटायची बंद होते. म्हणून मी तिच्यासाठी जुने सिनेमे लावायला लागले, तिने तरुणपणी पाहिलेले. गाणं लागलं की ती मान डोलवायची, पुढचा संवाद आधीच म्हणायची. सगळं ठीक चालायचं, शेवटच्या पाऊण तासापर्यंत. तिथून मात्र दर वेळी खटका उडायचा.

"असा नव्हता हा सिनेमा," आई म्हणायची. "यातला भाऊ तं वाचतो."

भाऊ पडद्यावर मरून पडलेला असायचा. एकदा झालं, मला वाटलं विसरली असेल. दुसऱ्यांदा झालं, मला वाटलं वय झालं. पण तिसऱ्यांदा मीच ओरडले, "हे असं नाहीये!" कारण मलाही तो शेवट वेगळाच आठवत होता, आणि मी तर तो सिनेमा आयुष्यात पाहिलेला नव्हता. लहानपणी आईच्या तोंडून ऐकला होता. मी चक्रावले. आम्हा दोघींचं एकदम डोकं फिरलं की सिनेमावाल्यांनी मागाहून शेवट बदलले?

आई शांतपणे शेंगा सोलत म्हणाली, "मी कुठी शेवट पाहिला? एसटी निघून जायची नं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टॉकीज तालुक्याच्या गावी. बायकांना फक्त तीनच्या खेळाला जायची मुभा. सिनेमा सुटायचा सहाला आणि गावाकडची शेवटची एसटी सुटायची साडेपाचला. ती चुकली तर सबंध गावात बभ्रा. म्हणून पडद्यावर कितीही रडारड चालू असो, सव्वापाचला आमच्या गावच्या साऱ्या बायका रांगेने उठायच्या आणि पदर सावरत स्टँडकडे पळायच्या. एसटीत बसलं की पुढे काय झालं असेल यावर खल व्हायचा. गाव येईपर्यंत शेवट ठरायचा. मग जी घरी जाऊन सांगेल तिचा शेवट खरा. माझी आई सांगण्यात पटाईत, त्यामुळे आमच्या गल्लीत बहुतेक शेवट तिचे.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे मी ज्यांच्यावर एवढी मतं ठोकत आले ते सिनेमे कोणी काढलेच नव्हते! त्यातल्या एकावर तर मी कॉलेजात महिला दिनाला भाषण केलं होतं. नवऱ्याने छळलेली बाई हातात ट्रंक घेऊन घर सोडते, शिवणकाम शिकते, दुकान टाकते. नवरा माफी मागायला येतो, तेव्हा त्याला चहा पाजते आणि परत पाठवते. त्या काळात इतका धीट सिनेमा, म्हणून मी केवढं कौतुक केलं होतं. समोर बसलेल्यांपैकी कोणीच हरकत घेतली नाही. बहुधा सगळे एसटीवाल्या गावांचेच असतील.

इथपर्यंत हसायचीच गोष्ट होती. मी मुलाला फोन करून सांगितली, तोही हसला. मग अक्का आली.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, पण घरात तिला सगळे अक्काच म्हणतात. फैजपूरला एकटी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्यात करायचं ठरलं आणि ती महिनाभरासाठी आमच्याकडे आली. डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली त्या दिवशी काळा चष्मा लावून ती आमच्या भिंतीपुढे अगदी ताठ बसली आणि म्हणाली, "माले तो सिनेमा दाखव. ट्रंकवाल्या बाईचा. ऐकला तेव्हापासून पाहायचा राहिला. आता डोये नवे आहेत."

आई आत पोळ्या करत होती. लाटणं थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

इथे थोडं मागे जायला हवं. मी चौथी-पाचवीत असेन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशी अक्का आली होती. लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही, आणि तिच्या नवऱ्याने घरात दुसरी बाई आणून ठेवलेली. अक्का तिथे मोलकरणीसारखी राबायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माझे आजोबा लेकीला टॉकीजला जाऊ देत नसत. लेक म्हणजे जावयाची अमानत, वाटेत काही कमीजास्त झालं तर त्याला काय तोंड दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. सुनांना मात्र जाता यायचं. म्हणून आई सिनेमा पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी शेवया करताना अंगणात तिने तो अक्काला सांगितला. मीही तिथेच होते. बाजेवर शेवया वाळत होत्या, आई हातवारे करून सांगत होती आणि अक्काचे हात पिठात तसेच थांबले होते.

चारच दिवसांनी अक्काचा नवरा तिला न्यायला आला. अक्काने त्याला पाणी दिलं, चहा दिला. कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "मी येत नही. तुम्ही जा." घरात हलकल्लोळ झाला. आजोबा जेवले नाहीत. अक्का हलली नाही. पुढे ती शिवण शिकली, फैजपूरला खोली घेतली, मशीन घेतलं. त्या भागातल्या दोन पिढ्यांची पोलकी तिने शिवली आहेत. माझ्या लग्नातलंसुद्धा.

तर असा तो सिनेमा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंघोळीला गेली तेव्हा फोनवर शोधला. सापडला. थेट शेवटावर नेला. बाई ट्रंक घेऊन दारात उभी आहे. आत नवरा आजारी पडलाय, खाटेवरून हाक मारतोय. हे सगळं आईने सांगितल्याप्रमाणेच. मग बाई वळते. ट्रंक खाली ठेवते. आत जाते. त्याची सेवा करकरून स्वतःच आजारी पडते, आणि भांगात कुंकू भरून त्याच्या पायांवर डोकं ठेवून मरते. तो रडतो. दुसरी बाई पण रडते. मागे सनई वाजते.

मी फोन उशीखाली सारला, जणू तो कोणी हिसकावून बघणार होतं. राग कोणाचा करायचा तेच कळेना. सिनेमा काढणाऱ्यांचा, एसटीचा, की आईचा?

स्वयंपाकघरात जाऊन आईला हळू आवाजात सांगितलं. ती खाली बसली. भांड्यांच्या फळीला टेकून, पाय पसरून.

"एसटीत सगळ्या म्हने, जाईल आत, बाईमानूस कुठी जाते?" आई म्हणाली. "मीबी तसंच सांगनार व्हती. पन शेवया करता करता अक्काच्या मनगटाकडे ध्यान गेलं. डाग व्हता. ताजा. मंग माह्या तोंडातून निघून गेलं, नही गेली व परत. अन् निघालं तं निघालं, पुढचं सुचतच गेलं."

"मग नंतर खरं का नाही सांगितलं?"

"माले कुठी माहीत व्हतं खरं काय ते?"

हेही बरोबरच होतं. पण आईचं संपलं नव्हतं. ती पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली आणि मग जे बोलली ते मला माहीत नव्हतं. काही वर्षांनी अक्काचा नवरा अंथरुणाला खिळला होता. दुसरी बाई निघून गेली होती. त्याने निरोप धाडला, एकदा ये. सारं गाव म्हणत होतं, जा, शेवटी नवरा आहे. अक्का माझ्या आईकडे आली आणि तिने एकच विचारलं, "वहिनी, सिनेमातली गेली नव्हती नं? तो आजारी व्हता तरी?" आई म्हणाली, नाही. अक्का गेली नाही. तो महिन्याभरात वारला. नंतर लोक तिला काय काय बोलले ते मात्र मी लहान असूनही ऐकलं होतं.

"आता तिनं पाहिलं," आई म्हणाली, "तं तिले वाटंल, वहिनीनं खोटं सांगून माहा संसार मोडला. मरत्या मानसापासून अडवलं. या वयात तिले तोंड कसं दाखवू मी?" आणि तिला रडू फुटलं. माझी आई रडते तेव्हा मला काही सुचत नाही. मी गॅस बंद केला, चालू केला, परत बंद केला.

मग सुरू झाली टाळाटाळ. नेट चालत नाही. तो सिनेमा मिळत नाही. मिळतो, पण प्रिंट खराब आहे, डोळ्यांना त्रास होईल. अक्का चार दिवस ऐकत राहिली. पाचव्या दिवशी तिचा पारा चढला. "एवढं मोठं यंत्र भिंतीले ठोकलं अन् एक सिनेमा लागत नही? तुम्ही मायलेकी माह्यापासून काय लपवू राहिल्या?"

मला एक कळेना, आम्ही नक्की कोणाला वाचवत होतो. रात्रंदिवस मशीन चालवून जगलेली बाई एका सिनेमाने मोडेल? पण मग वाटायचं, ती जगली कशाच्या जोरावर? एकदा तिनेच मला सांगितलं होतं की पहिल्या वर्षी फार एकटं वाटलं की ती मनात म्हणायची, त्या बाईनं जमवलं, मलाही जमेल. आता तिला कसं सांगायचं की त्या बाईने काही जमवलं नव्हतं, ती केव्हाच मेली होती? एकदा वाटे दाखवून टाकावं, एकदा वाटे सरळ टीव्ही बिघडवावा. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, "दुसरा एखादा लाव ना." यांना झोपच लागलेली बरी.

शेवटी आईनेच ठरवलं. दुपारी जेवणं झाली, तिने तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि येऊन अक्काच्या शेजारी बसली. मला म्हणाली, "लाव." तीन वाजले होते. मी लावला.

सिनेमा म्हणून खरं मत सांगायचं तर पहिले दोन तास बरे होते. गाणी चांगली. नायिका जरा जास्तच फुंदते. अक्का मात्र एकेका प्रसंगाला मान हलवत होती, आईने सांगितलेलं ती पडताळून पाहत असावी. "हे सांगतलं व्हतं तुम्ही," मधूनच म्हणायची. "हिरवं लुगडं, बरोबर. अन् पोलक्याची बाही पाहा कशी झोल मारते, कोणी शिवलं हे?" आई हसायचा प्रयत्न करत होती. तिने माझा हात धरून ठेवला होता.

मग ती बाई ट्रंक घेऊन दारात आली. आतून हाक आली. आईने माझा हात सोडला आणि पदर तोंडाशी धरला. माझ्या मनात आलं की आत्ता रिमोट दाबावा, वीज गेली म्हणावं. पण पंखा फिरत होता, आणि अक्काच्या डोळ्यांना आता सगळं दिसत होतं.

बाई वळली. ट्रंक खाली ठेवली. आत गेली.

सेवा झाली, आजारपण झालं, कुंकू झालं, सनई झाली. पाट्या संपून पडदा काळा झाला तरी अक्का तशीच बसून होती. काळा चष्मा असल्यामुळे ती रडते आहे की काय तेही कळेना. आईला तर तिच्याकडे पाहवत नव्हतं.

मग अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला आणि हातातच ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "तेव्हा आपल्या गावची शेवटची एसटी किती वाजता सुटे?"

"साडेपाचले," आई म्हणाली.

"अन् सिनेमा?"

"सहाले."

अक्काने मान हलवली. पडद्याकडे एकदा पाहिलं, मग आईकडे. आईचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली, "तुमची एसटी चुकली नही."